पंडित एंडच्या पट्टीची निरवानिरव

मी, ओंकारनाथ सेवगोबिन, कैलासवासी पंडित जगेसर सेवगोबिन यांचा एकुलता मुलगा, वय सत्तावन्न, धंदा वार्ताहरकी, राहणार पेशन्स, जिल्हा बर्बीस, गयाना, हे मृत्युपत्र लिहिण्याआधी एक तक्रार नोंदवून ठेवतो. मेलेल्या माणसाची तक्रार ऐकून घेण्याची पद्धत आमच्या क्रिकेट क्लबात नाही. जिवंत माणसाचीही नाही, पण कागदावर राहिलेली बरी.

तक्रार साइटस्क्रीनची आहे. फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या मागे पांढरा पडदा उभा करतात. आमचा पडदा जस्ताच्या पत्र्यांचा असून त्याला चार चाके आहेत, त्यांपैकी तीन फिरतात. दर शनिवारी हा पडदा ढकलत ढकलत नेमका माझ्या खुर्चीसमोर आणून सोडला जातो. मी वर्तमानपत्रासाठी सामन्याची बातमी लिहितो. गेली कित्येक वर्षे मी अर्ध्या मैदानाची बातमी लिहीत आलो आहे. मागच्या हंगामात ज्या झेलाला मी ‘अप्रतिम’ म्हटले, तो झेल मी पाहिला नव्हता, ऐकला होता. पडदा ढकलण्याचे काम मैदानाची निगा राखणारे क्लीव्हलंड क्वामिना यांच्याकडे आहे. त्यांना विचारले तर म्हणतात, “फलंदाजाला दिसायला हवं, पंडित. तुझं काय, तू न बघताही लिहितोस.”

तक्रार संपली. आता दस्तऐवज.

माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाण कोणते, यावर गावात मतभेद असू शकतील. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, रम पाजलेली नाही. येत्या मंगळवारी जॉर्जटाउनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर तरुण आहे आणि हसतमुख आहे. या दोन्ही गोष्टी मला आवडलेल्या नाहीत. तेव्हा परत आलो तर हा कागद मी स्वतः फाडीन, न आलो तर इतरांनी तो वाचावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र रागाच्या भरात वेळोवेळी तोंडी बरीच वाटणी केलेली आहे. ती सगळी रद्द समजावी.

कलम पहिले. राहते घर, खांबांवरचे, वरच्या दोन खोल्यांसह आणि खालच्या मोकळ्या जागेसह, माझी पत्नी सुमिंत्रा हिला तिच्या हयातीपर्यंत. तिच्यामागे मुलगा त्रिभुवन याला. घराखाली दोन खांबांमध्ये झोपाळ्यासारखी टांगलेली झोळी कोणी काढू नये. याच झोळीत बसून माझ्या वडिलांनी मला पहाटे शब्दरूपे, धातुरूपे आणि समास शिकवले. त्याच वेळी पलीकडच्या मैदानावर क्लीव्हलंड क्वामिना एकच खुंट रोवून गोलंदाजी शिकत होता. दोन्ही शिक्षणांचे परिणाम पुढे गावाला दिसले. त्यातला एक गावाला जास्त आवडला.

कलम दुसरे. माझा टंकलेखनयंत्राचा सांगाडा, ज्यात ‘क’ उमटत नाही, तो वर्तमानपत्राच्या संपादकांना परत. त्यांनीच दिला होता. क्वामिनाचे नाव छापायची वेळ आली की मला ते हाताने लिहावे लागे, याचा मला कधी राग आला नाही.

कलम तिसरे. मैदानाच्या पूर्वेकडची पट्टी, जिला गाव ‘पंडित एंड’ म्हणते. या मृत्युपत्रात भांडण लागण्यासारखी वस्तू हीच एक आहे, म्हणून तिचा इतिहास सांगावा लागेल.

पेशन्समध्ये आधी मैदान होते ते मळ्याच्या साहेबाचे. मैदानाला कठडा होता. उसाच्या मजुरीसाठी हिंदुस्थानातून आणलेली आमची माणसे तिथले गवत कापीत आणि कालव्यात गेलेला चेंडू काढून देत. बॅट हातात घेण्याची मुभा नव्हती. ती धुऊन ठेवण्याची होती. पुढे ऊसतोडणीवाल्यांनी आपले मैदान मागितले, तेव्हा मळ्याने समुद्राच्या बांधाशेजारचा, स्मशानाला लागून असलेला तुकडा दिला. तिथे ऊससुद्धा उगवायला राजी नव्हता. आमच्या आज्ज्यांनी डोक्यावर भाजलेली माती वाहून तो भरला. काळ्यांच्या आज्ज्या आणि आमच्या आज्ज्या एका रांगेत होत्या असे सांगतात; पुढे ते फारसे कुठे दिसले नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. रोलर म्हणून साखर कारखान्यातले टाकाऊ नळकांडे माती भरून घेतले.

सगळे जमले, पण तुकडा आखूड निघाला. समुद्राकडून वेगवान गोलंदाजाला हवे तितके पळता येई. पूर्वेकडे मात्र यष्ट्यांमागे पाचसहा पावले गेली की माझा आजा, पंडित रामसरूप, याचे भात सुरू होई. क्लबवाले विचारायला आले. आज्याने सांगितले, पीक निघाले की पळा. आमच्याकडे पीक वर्षातून दोनदा, म्हणजे पळायला वेळ जवळपास नाहीच. मग त्या टोकाकडून दोन पावलांत चेंडू टाकणारे फिरकी गोलंदाज लावायचे. अशा रीतीने पेशन्स क्लब सगळ्या किनाऱ्यावर फिरकीसाठी नावाजला. जाणकार लोक याचे श्रेय आमच्या खाऱ्या मातीला देतात. श्रेय आज्याच्या हट्टाचे आहे. ‘पंडित एंड’ हे नावही आदराने नव्हे, वैतागून पडलेले आहे.

ही अडवणूक माझ्या वडिलांच्या काळात सुटली, आणि ती कशी सुटली हे त्रिभुवनने नीट वाचावे. ते वाईट वर्ष होते. किनाऱ्यावर काळे आणि आमचे, एका जातीची माणसे दुसऱ्या जातीची घरे जाळत होती. आमच्याकडे आग आली नाही, पण बोलणे बंद झाले, आणि क्लब कोणाचा हा वाद सुरू झाला. ज्याच्याकडे रोलर त्याचा क्लब, असे दोन्ही बाजूंनी ठरवले. तेव्हा क्वामिनाचा बाप आणि माझा बाप या दोघांनी मिळून, कोणालाही न विचारता, रोलर कालव्यात ढकलून दिला. ना तुमचा, ना आमचा. वर्षभर तो तिथे पडून होता. मग डोकी थंड झाली, पण रोलर एका जातीला उचलेना. दोराला दोन्हीकडची माणसे लागली. वर आला तो थेट आमच्या उभ्या भातातून फरफटत मैदानावर गेला. वडिलांनी मोडलेले पीक पाहिले आणि म्हणाले, “आता मोडलंच आहे, तर पळू दे पोरांना.” त्या दिवसापासून पट्टी कागदावर आमची आणि वापरात क्लबची.

आता तेलवाले आले आहेत. समुद्रात तेल सापडल्यापासून त्यांना तेल वाहून नेणाऱ्या नळांची कोठारे करायला जागा हवी आहे. त्यांची एक गाडी पट्टीपाशी येऊन गेली. पट्टीला कुंपण पडले तर गोलंदाज पुन्हा पाचसहा पावलांवर येईल, आणि आता फिरकी टाकणाराही कोणी उरलेला नाही. मैदान त्या दिवशी संपेल. त्रिभुवन न्यूयॉर्कला असतो. तो फोनवर म्हणाला, “बाबा, त्या पट्टीवर एक माणूस पळतो. तेवढ्यासाठी जमीन अडवून ठेवायची?” मी सांगितले, आता तोही पळत नाही, चालतो. त्याला हा माझा होकार वाटला.

कलम चौथे. पळणारा माणूस. याच्याविषयी लिहिल्याशिवाय पट्टी कोणाला द्यायची ते ठरत नाही, नाहीतर मी लिहिले नसते.

आमच्या गावात प्रत्येकाला एक खरे नाव असते आणि एक हाकेचे. खरे नाव सरकारला आणि यमाला लागते. बाकी सगळे व्यवहार हाकेच्या नावावर चालतात. क्वामिनाचे हाकेचे नाव ‘किस्कडी’. पळायला सुरुवात करताना तो जागच्या जागी दोन उड्या घ्यायचा, कुंपणावरच्या त्या नावाच्या पिवळ्या छातीच्या पाखरासारख्या. मला असे नाव मिळाले नाही. आज्याला पंडित म्हणत, बापाला पंडित म्हणत, मलाही तेच. वापरलेला कोट चढवावा तसे.

किस्कडीने घेतलेला प्रत्येक बळी आमच्या जमिनीवर सुरू झाला. हे मी वर्तमानपत्रात एकदा लिहिले होते. संपादकांनी ते वाक्य कापले. आणि त्यांतले कितीतरी बळी माझ्या हातांत संपले, कारण मी स्लिपमध्ये उभा असे. धावपुस्तकात ‘झे. सेवगोबिन, गो. क्वामिना’ असे लिहितात. मी याला द्वंद्व समास समजत होतो, म्हणजे दोन्ही पदे सारखी. गावाने त्याचा तत्पुरुष केला. दुसरे पद प्रधान, पहिले फक्त जोडलेले. रमच्या दुकानात आजही किस्कडीच्या त्या अमुक चेंडूची गोष्ट निघते. चेंडू कसा वळला, फलंदाज कसा फसला, कड कशी लागली. आणि मग गोष्ट संपते. कड लागलेला चेंडू पुढे कुठे गेला, हे कोणी विचारत नाही. जणू तो स्वतःच्या बुद्धीने कुठेतरी जाऊन बसला.

तो जिल्ह्याकडून खेळला. त्याच्या आईचा पाव गावभर खपायचा. त्याची बायको वारली तेव्हा सगळा गाव रडला. मीही रडलो, आणि रडतानासुद्धा माझ्या लक्षात आले की लोक त्याच्याकडे बघत आहेत. आता तो मैदान राखतो. वाईट एवढेच की, मैदान उत्तम राखतो.

गेल्या वर्षी कमिटीने ठराव आणला, की ‘पंडित एंड’चे नाव बदलून ‘किस्कडी एंड’ करावे. विरोधात एकच हात होता. ठरावाच्या बाजूने जे हात वर झाले त्यांत सुमिंत्राचा होता. घरी येऊन मी तिला विचारले. ती म्हणाली, “किती सुंदर पळायचा तो.” मी तीस वर्षे स्लिपमध्ये उभा होतो. उभे राहण्यात सौंदर्य दाखवायला वाव कमी असतो.

कलम पाचवे. सुमिंत्रा. तिच्या नावे मी काय ठेवतो हे वर आले आहे. तिला काय लागते, ते इथे लिहितो.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच शनिवारी माझ्या आईने तिला खेळाडूंसाठी फुलौरी, म्हणजे डाळीची भजी, आणि आंब्याची आंबट चटणी घेऊन मैदानावर पाठवले. धावा लिहिणारा झिंगून बाकाखाली पडला होता. पेन्सिल जमिनीवर होती. हिने उचलली. तेव्हापासून पेशन्सच्या धावा तीच लिहिते. नदीपलीकडच्या गावातून आलेली मुलगी, क्रिकेट काय ते माहीत नाही. महिन्याभरात पंचाला सांगू लागली की षटकात एक चेंडू राहिला आहे.

गेल्या तीनेक वर्षांपासून ती विसरते. आधी मीठ दोनदा पडू लागले. मग मंदिराची वाट चुकली. डॉक्टर म्हणतात, या वयाला हे लवकर आहे. आजाराने वय विचारलेले दिसत नाही. मात्र शनिवारी मैदानावरच्या बाकावर बसवली, पेन्सिल हातात दिली, की ती पुन्हा तीच असते. कोण आला, कोण गेला, किती झाल्या, सगळे बिनचूक. किस्कडीने न्यू ॲम्स्टरडॅमच्या संघाची दाणादाण उडवली तो दिवस ती चेंडूचेंडूने सांगते. त्या दिवशी मी चार झेल घेतले होते. तेही ती सांगते, पण ‘स्लिपने घेतला’ असे म्हणते.

त्रिभुवनचे म्हणणे, आईला न्यूयॉर्कला नेतो. बोलावले म्हणून आम्ही मागच्या हिवाळ्यात राहून आलो. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, घर उबदार आहे. एका सकाळी खिडकीखालची बाग बर्फाने पांढरी झाली होती. ही काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, “सगळ्या मैदानावर आच्छादन घातलंय. आज खेळ नाही का?” दुसऱ्या दिवशीही आच्छादन होते. तिसऱ्या दिवशी तिने उठून केस विंचरले नाहीत. म्हणून मी लिहितो, त्रिभुवन, की ती पट्टी एका पळणाऱ्या माणसाची नाही. तुझ्या आईला जिथे अजून सगळे आठवते अशी एकच जागा जगात उरली आहे, आणि तिचा एक काठ माझ्या नावावर आहे.

कलम सहावे. हे कलम वकील बाईंनी काढून टाकायला सांगितले. ठेवतो आहे.

सुमिंत्राने मला कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या पंडितांच्या घरात तशी रीत होती, आणि माझ्या आईने ती तिला पहिल्याच दिवशी शिकवली. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, खरेही नाही आणि हाकेचेही नाही. तिने मला ‘अहो’ म्हटले, आणि माझ्याविषयी बोलताना ‘आमचे हे’ म्हटले. मूल झाल्यावर काही बायका नवऱ्याला ‘अमक्याचे बाबा’ म्हणू लागतात. त्रिभुवन झाल्यावर हिने तेवढीही सवलत घेतली नाही. मला ते गोड वाटे. ‘हे’ हे सर्वनाम आहे, आणि सर्वनाम म्हणजे सगळ्यांचे नाव, हे ज्ञान मला झोळीत बसून लहानपणीच मिळाले होते. त्याचा अर्थ आता कळतो. इतरांची नावे तिच्याजवळ शिल्लक आहेत. किस्कडी आहे, क्लबातला प्रत्येक पोरगा आहे, मेलेले पंचही आहेत. माझे नाव तिने कधी ठेवलेच नव्हते, त्यामुळे विसरायलाही नाही आणि आठवायलाही नाही. नुसते ‘हे’ आहेत, आणि त्या जागेवर कोण बसले आहे ते तिला रोज दिसतेच असे नाही.

ऑगस्टातल्या एका शनिवारी मी बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसलो. तिने अदबीने सरकून जागा दिली आणि म्हणाली, “तुम्ही कोणाकडचे? बसा. आमचे हे येतीलच इतक्यात.”

मी म्हणालो, “अगं, मीच तो.”

ती घाबरली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि रडू लागली. त्या षटकातले तीन चेंडू लिहायचे राहिले. तिच्या हातून राहिलेले ते पहिलेच.

पुढच्या शनिवारी मी कुंपणापाशी उभा होतो. चहाची वेळ झाली होती. तिने कप भरला, मान वळवली, रोलरवर बसलेल्या किस्कडीकडे बघितले, आणि जो आवाज इतकी वर्षे माझ्या एकट्यासाठी होता त्या आवाजात म्हणाली, “अहो, ऐकलंत का? चहा गार होतोय.”

पॅव्हेलियनमध्ये डॉमिनो खेळणाऱ्यांचे हात थांबले. किस्कडीने माझ्याकडे बघितले. मग टोपी काढून रोलरवर ठेवली, उठला, “आलो, आलो,” म्हणाला, आणि जाऊन कप घेतला. तिने विचारले, साखर बरोबर आहे ना. तो म्हणाला, बरोबर आहे. साखर माझ्या मापाची होती, तीन चमचे, आणि त्याला मधुमेह आहे. त्याने कप उभ्याउभ्या रिकामा केला. ती समाधानाने वळली आणि पुढचे षटक लिहू लागली.

संध्याकाळी तो आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. मी झोळीत होतो.

“रागावलास,” तो म्हणाला.

मी विचारले, चहा कसा होता.

“पाक होता नुसता. अजून जीभ चिकटते आहे.” मग म्हणाला, “मी तुमचा नवरा नाही असं म्हटलं असतं, तर रडली असती वहिनी. मागल्या शनिवारी तुझ्यावर रडली ना?”

“हाक तुला मारली तिने.”

“मला कुठं? हाक तुलाच होती, पंडित. मी फक्त जवळ होतो.”

हे वाक्य चांगले होते. तेही त्यालाच सुचले.

मी खरे बोललो आणि ती घाबरली. तो खोटे बोलला आणि ती शांत झाली. झेल पुन्हा एकदा माझ्याजवळ आला होता आणि बळी पुन्हा एकदा त्याच्या नावावर गेला. मी त्या आठवड्यात वकील बाईंकडे जाऊन पट्टी तेलवाल्यांना विकण्याचा कागद तयार करायला सांगितले. वकील बाईंनी तो केला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर सही नाही. हे मृत्युपत्र मिळाल्यावर त्याचा उपयोग चूल पेटवण्याकडे करावा.

कलम सातवे. पट्टीची व्यवस्था.

माझ्या वडिलांनी विभक्ती शिकवताना एक नियम पाठ करून घेतला होता. ज्याला दान द्यायचे तो चतुर्थी विभक्तीत जातो. आणि ज्याच्यावर रागावतो, ज्याचा द्रोह करतो, ज्याचा हेवा करतो, ज्याची असूया वाटते, तोही त्याच चतुर्थीत जातो. लहानपणी मी विचारले होते, दोघांना एकच विभक्ती का. वडील म्हणाले, “पाठ कर. कळेल.” पट्टी कोणाला द्यायची याचा मी तीन महिने विचार केला. दान कोणाला आणि हेवा कोणाचा, या दोन्ही प्रश्नांना एकच नाव उत्तर म्हणून येत राहिले. व्याकरणापुढे माझा इलाज नाही.

पूर्वेकडची संपूर्ण पट्टी, कालव्याच्या कडेपर्यंत, मी पेशन्स क्रिकेट क्लबला कायमची देतो. तिचे विश्वस्त क्लीव्हलंड क्वामिना, आणि त्यांच्यामागे जो क्लबचा कप्तान असेल तो. पट्टी विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, तिच्यावर नळ ठेवता येणार नाहीत. क्वामिना यात लाभ घेणारा पक्ष झाल्यामुळे कायद्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. गावातल्या एखाद्या कामातून त्याला वगळले गेल्याची ही पहिलीच वेळ असावी, आणि ती घडवून आणण्याचे समाधान मला मिळू द्यावे.

‘किस्कडी एंड’ असे नाव करायचे असल्यास माझ्या तेराव्यानंतर करावे. पाटी किस्कडीने स्वतः रंगवू नये. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

धावा लिहिण्याचा बाक आहे तिथेच राहील. दर शनिवारी सुमिंत्राला तिथे आणून बसवण्याची जबाबदारी क्लबची. सामना नसला तरी बसवावी. अकरा जण जमले नाहीत तर सातजणांनी खेळावे, पण काहीतरी लिहिण्याजोगे करावे. तिच्या नोंदीत चूक झाली तर तिच्यासमोर दुरुस्त करू नये.

कलम आठवे. माझी मालमत्ता म्हणता येईल अशी एकच गोष्ट उरली. तिचा उल्लेख मृत्युपत्रात करता येतो की नाही, हे मी वकील बाईंना विचारलेले नाही.

माझ्यामागे सुमिंत्रा ‘अहो’ म्हणेल. ‘हे’ बाहेरगावी गेलेत, असे तिला सांगू नये, ती वाट बघेल. ‘हे’ वारले, असेही सांगू नये. एकदा सांगितले तर ती रडेल, विसरेल, आणि पुन्हा सांगावे लागेल. माणसाला विधवा एकदाच होऊ द्यावे, निदान दर शनिवारी होऊ देऊ नये. जो जवळ असेल त्याने ओ द्यावी. हा हक्क मी प्रथम क्लीव्हलंड क्वामिना यांना देतो. त्यांनी तो नाकारू नये, आणि त्याचा गाजावाजाही करू नये. पॅव्हेलियनमधल्या साखरेच्या डब्यात त्यांच्या डॉक्टरांना चालणारी बिनसाखरेची गोड पावडर भरून ठेवावी. चमचे तीनच पडू द्यावेत. तिचा हात मोजायला चुकत नाही.

कलम शेवटचे. येथवर लिहून झाल्यावर मी मंगळवारला भीत नाही असे लिहिणार होतो, पण खोटे विधान आढळल्यास दस्तऐवज रद्द होऊ शकतो. भीती आहे. ती फार मोठी नाही. त्रिभुवन जमिनीवरून चिडेल. तो माझाच मुलगा आहे, चिडणे त्याला वारशात मिळाले आहे, त्यातून तो बाहेरही येईल. मैदान राहील. किस्कडी ते माझ्यापेक्षा नीट सांभाळेल.

मला खरी काळजी वाटते ती ही. शनिवारी चहाच्या वेळी ती ‘अहो’ म्हणेल, तो ओ देईल, येऊन कप घेईल, आणि तिला काहीही कमी वाटणार नाही. ते तसेच व्हावे म्हणून वरची सगळी कलमे मी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. आणि ते तसेच होईल, या विचाराने मला झोप लागत नाही.

सही: ओंकारनाथ सेवगोबिन

ही सही लिहून देणाऱ्याने आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, घराखाली झोळीशेजारच्या टेबलावर केली. आम्ही एकमेकांदेखत खाली सह्या केल्या:

१. डॅफनी ग्रिफिथ, दुकानदार, पेशन्स
२. अब्दुल हलीम, निवृत्त शाळामास्तर, पेशन्स

स्थळ: पेशन्स, बर्बीस
दिनांक: रविवार, १७ नोव्हेंबर २०२४